मोकळ्या हातांची गोधडी

“तिला विचार,” लिडिया मडम म्हणाल्या, “ती फ्री आहे का.”

राही बंगल्याच्या व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. डोक्यावर पदर, काखेत चिंध्यांचं गाठोडं, आणि पदराच्या टोकाला टोचलेली स्वतःची सुई. वर वेताच्या खुर्चीत मडम. दोघींच्या मधे, ना धड पायरीवर ना धड वर, मी. गावाचं बोलणं मडमना सांगायचं आणि मडमचं गावाला, हे माझं काम. वय सतरा.

मी जराशी थांबले. मग म्हणाले, “राही, मडम विचारतात, तू मोकळी आहेस का?”

“आत्ता व्हय? मोकळीच हाय की,” राही म्हणाली. “दुपारची भांडी झाली, बाईसाहेब निजल्यात. दिवे लागंपत्तोर कुणी हाक मारत न्हाई.”

मडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “काय म्हणते?”

“म्हणते, मी फ्री आहे.”

मडमनी सुस्कारा सोडला आणि हातानं तिला वर बोलावलं. राही वर आली, कोपऱ्यात मांडी घालून बसली, गाठोडं सोडलं. असं त्या गोधडीचं शिवण सुरू झालं.

याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. हल्ली सुईत दोरा ओवायला बसले तर चारचारदा तो नेढ्याच्या बाहेरून जातो. मग मी सुई ठेवून देते आणि नुसती बसून राहते. बसलं की ती पायरी दिसते.

प्रवरेकाठच्या आमच्या गावात तेव्हा अमेरिकेहून एक पाद्री आणि त्यांची बायको, म्हणजे या लिडिया मडम, येऊन राहिले होते. माझा बाप शिंपी. तो पाद्रीसाहेबांचे डगले शिवी, म्हणून आमचं बंगल्यावर जाणंयेणं. मी आठव्या वर्षी विधवा झालेली. घरात माझं कुणाला फारसं काम नव्हतं, तेव्हा मडमनी मुलींची शाळा काढल्यावर बापानं पहिली मलाच नेऊन बसवली. मला इंग्रजी भराभर आलं. मडमना मात्र चार वर्षांत मराठी आलं नाही. ‘पाणी आण’, ‘बस’, ‘उद्या ये’, यापुढे त्यांची जीभ वळत नसे. म्हणून मी. जुना कपडा उसवून नव्यानं शिवावा तसं मी एका भाषेतलं वाक्य उसवायची आणि दुसरीत शिवायची. एखादा टाका हुकला तरी वरून दिसत नाही, हेही मला लवकरच कळलं होतं.

त्यांचा देश आमच्या डोळ्यांपुढे मडमनीच उभा केला. “आमचा देश माझ्या आजीपेक्षा लहान आहे,” त्या म्हणायच्या, “म्हणून त्याला अजून वळण लावता येईल.” आणि ते वळण लावायला तिकडे जो तो निघालेला. कुणी दारू सोडल्याच्या शपथेवर सह्या घेत गावोगाव हिंडे. कुणी वेड्यांच्या साखळ्या सोडा म्हणे, कुणी मुलींना शिकवा म्हणे. एका गृहस्थांनी तर कोंड्याची भाकरी खाल्ली की माणूस सुधारतो, असं काढलं होतं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, “मग आपण केव्हाच सुधारलोय म्हणायचं.”

पण मडमच्या जिवाला लागलेली गोष्ट एकच होती. त्यांच्या देशाच्या दक्षिणेला माणसं माणसांना विकत घेत आणि त्यांच्याकडून कापूस पिकवून घेत. दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी तोफा उडवायच्या, पटांगणात उभं राहून ‘सगळी माणसं सारखी जन्मतात’ असा कागद वाचायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच कापूस अंगावर घालायचा, हे मडमना सोसत नव्हतं. त्यांच्याकडच्या हजारो बायकांनी सह्या करून अर्ज धाडले. राजधानीतल्या सभेनं ते न वाचताच बाजूला ठेवले. तेव्हापासून त्या बायकांनी पण केला, की गुलामांच्या हातचा कापूस ल्यायचा नाही आणि गुलामांच्या हातची साखर खायची नाही. मडम इथे येऊनही चहात गूळ घालायच्या. पाद्रीसाहेब साखर घालून घ्यायचे आणि मडमकडे पाठ करून प्यायचे.

त्या बायकांची बोस्टन शहरात दर नाताळात जत्रा भरे. हातचं शिवणटिपण तिथे विकायचं आणि गुलाम सोडवायच्या कामाला लावायचं. मडमनी तिकडे लिहिलं, की मी इथून एक गोधडी पाठवते. कापूस मोकळ्या शेतातला, सूत मोकळ्या बाईनं कातलेलं, शिवण मोकळ्या हातचं. एक धागाही गुलामाचा नाही. सहा-आठ महिन्यांनी उत्तर आलं. अशी गोधडी आली तर आमची मंडळी तुमच्या शाळेतल्या एका मास्तरणीचा भार कायमचा उचलतील. मडमनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. ती मास्तरीण मी.

यात एवढं काय, असं आज कुणाला वाटेल. पण घरी दादानं, माझ्या थोरल्या भावानं, माझा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, ठरवला होता. अक्षय्यतृतीया झाली की पैठणच्या एका बिजवराशी. तीन पोरं, छातीत दमा. तो बघायला आला तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, दंडांकडे पाहिलं. मास्तरीण झाले तर बंगल्याच्या आवारात मला खोली मिळणार होती. बाप म्हणाला होता, “मडमनी ठेवून घेतलं तर मी आड येत नाही. नाही घेतलं तर दादाचं ऐक.” म्हणजे ती गोधडी माझ्या घराच्या भिंती होत्या.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. मडम मला घेऊन बाजारात हिंडायच्या आणि ज्याला त्याला विचारायला लावायच्या, तू कुणाचा गुलाम आहेस का. साळ्यांच्या आळीत विठू साळी मागावरून मान न उचलता म्हणाला, “बायकोचा आहे, सांग त्यांना.” काय म्हणाला, मडमनी विचारलं. नाही म्हणाला, मी सांगितलं.

पहिलं अस्तर घातलं ते निळ्या छापाच्या कापडाचं. शाळेतल्या मुलींनी पंधरा दिवस शिवलं. मग मडमना कळलं, की ते कापड विलायतेच्या गिरणीतलं, आणि त्या गिरणीत जाणारा कापूस त्यांच्याच देशाच्या दक्षिणेचा. त्यांनी खुंटीची कात्री घेतली आणि सगळं शिवण एकटीनं उसवलं. बोटं सोलून निघाली तरी थांबल्या नाहीत. मुली बघत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून शिवायला यायच्याच बंद झाल्या.

चैत्र सरता सरता मुंबईहून जहाज सुटणार होतं. बोस्टनहून बर्फ भरून आलेलं जहाज, परत जाताना आमची गोधडी नेणार. हातात तीन महिने, साळ्यांच्या मागावरचं कापड, आणि शिवणारं कुणी नाही. तेव्हा जहागीरदारांच्या बाईसाहेबांकडे निरोप गेला, आणि त्यांनी राहीला पाठवून दिलं. पंचक्रोशीत तिच्यासारखा टाका कुणाचा नव्हता.

राही तिशीची असेल. चुलीच्या धुरानं डोळे अधू झालेले, म्हणून सुईत दोरा मी ओवून द्यायची. ती न बोलता सुई पुढे करी, मी ओवी, ती शिवी. तिचा टाका तांदळाच्या कणीएवढा, एकामागे एक, मुंग्यांची रांग चालल्यासारखा. शिवताना ती तोंडातल्या तोंडात गायची. जात्यावरच्या ओवीसारखीच चाल, पण जात्याचा जोर नाही, सुईचा हलकेपणा.

चिंधी बोलते चिंधीला, तुझं कोणतं गं गाव
सुई लावते दोघींना, एका दोऱ्याचं गं नाव

मडम ऐकत राहायच्या. अर्थ विचारायच्या. मी सांगायची, ते त्या वहीत उतरून घ्यायच्या. मजुरी त्या स्वतः राहीच्या हातात देत. संध्याकाळी ती बाईसाहेबांच्या हातात जाई, हे मडमना माहीत नव्हतं. ही जहागीरदारांकडे कामाला आहे, एवढंच त्यांना ठाऊक.

मडमकडे एक रेशमी बटवा होता, सुया ठेवायचा. त्यावर एक चित्र छापलेलं होतं. गुडघ्यावर बसलेली काळी बाई, जोडलेले हात, हातांना साखळी. एका दुपारी तो बटवा राहीच्या समोर पडला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

“ही कोण गं?”

“बटीक,” मी म्हणाले. मला दुसरा शब्द सुचला नाही.

राहीची सुई थांबली. “माझ्यावाणी?”

मी मागे वळून पाहिलं. मडम आत कागदांत होत्या. मी होकाराची मान हलवली.

“मग हिला साखळी कशापायी?”

“पळून जातात म्हणून.”

“कुठं जात्यात?”

“उत्तरेला. मडमच्या गावाकडं. तिकडं त्यांना लपवून ठेवतात, पुढं पोचवतात.”

राही पुष्कळ वेळ चित्राकडे बघत राहिली. मग बटवा खाली ठेवला. “म्हंजे हिला जायाला जागा हाय,” ती म्हणाली, आणि टाका घातला.

हो, राही बटीक होती. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं, मलाही. दुष्काळात तिच्या आईनं तिला जहागीरदारांच्या ओसरीवर बसवलं आणि ‘पाणी पिऊन येते’ म्हणून गेली, ती गेलीच. राहीला साखळी नव्हती. दोन वेळचं जेवण होतं, वर्षाला लुगडं होतं, मारहाणही फारशी नव्हती. फक्त ती त्यांची होती. तिला झालेली लेक ठकू, तीही त्यांची. यात आम्हाला वेगळं काही वाटत नसे. घरात गाय असते, परसात विहीर असते, तशी मोठ्या घरात बटीक असायची. मडम ज्याला गुलाम म्हणत तो समुद्रापलीकडचा, काळा, साखळीतला. राही तर आमच्या रोजच्या पाहण्यातली. ती गुलाम कशी असेल?

असं मी तेव्हा म्हणत होते.

चैत्र लागला. गोधडीच्या तीन कडा झाल्या. एक दिवस राहीनं गाठोडं सोडलं पण सुई काढली नाही.

“येसूबाय,” ती म्हणाली, “मडमला एक सांगशील?”

जहागीरदारांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. इंदूरला देत होते. लेकीबरोबर भांडी जातात, गाय जाते, आणि हाताखाली एक बटीक जाते. त्याला आंदण म्हणतात. आंदणात ठकूचं नाव निघालं होतं. पोर नऊ वर्षांची. कचेरीतल्या शिपायानं राहीच्या कानावर घातलं होतं, की कंपनी सरकारनं नवा कायदा केलाय, बटीक आता कुणी कुणाला द्यायची-घ्यायची नाही. पण कायदा आपल्या पायानं गावात येत नाही. कुणीतरी लिहावं लागतं.

“गोऱ्या बाईनं कलेक्टराला एक चिठ्ठी लिवली तर पोर ऱ्हाईल,” राही म्हणाली. “माझं काय न्हाई. मी हाय तिथं हाय. पोरीला शाळंत झाडायला ठिवा म्हणावं. ती झाडंल, ऐकंल, चार अक्षरं कानावर पडतील.”

सांगते, मी म्हणाले. उद्या सांगते, असं मनात होतं. पण तेवढ्यात मडम बाहेर आल्या, आणि राही उठली. तिनं पदर सारखा केला, हात जोडले, आणि माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याशीच बोलली.

“मडम, माझ्या लेकीला देऊन टाकत्यात. येक चिठ्ठी लिवा.”

मडमनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणते?”

खुंटीला कात्री लटकत होती. अस्तर उसवलेली तीच. राही कोण हे कळलं की मडम काय करतील, ते मला बसल्या जागेवरून स्पष्ट दिसत होतं. आधी त्या चिठ्ठी लिहितील. मग कात्री घेतील. तीन कडांचे सगळे टाके, तांदळाच्या कणीएवढे, एकेक. जहाज निघून जाईल. दादा पैठणला निरोप धाडील.

“म्हणते,” मी म्हणाले, “माझी मुलगी लग्नाला इंदूरला चाललीय. तिच्यासाठी प्रार्थना करा.”

मडमचा चेहरा हळवा झाला. त्यांनी राहीचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले, डोळे मिटले आणि हळू आवाजात देवाशी बोलू लागल्या. प्रवासात पोरीला सांभाळ, म्हणाल्या. तिला नीट घरी आण, म्हणाल्या. राही हात न काढता अवघडून उभी राहिली. गोऱ्या माणसाच्या हातात हात तिनं कधी दिला नसावा.

मडम आत गेल्यावर तिनं विचारलं, “काय म्हणाली?”

“हो म्हणाल्या,” मी सांगितलं.

त्या दिवसापासून राहीचा हात दुप्पट चालू लागला. मडम दिसल्या की ती हसायची. मडमही हसायच्या. त्यांच्या प्रत्येक हसण्याला ती चिठ्ठी समजत होती. मी मधे बसून दोरा ओवत होते.

चौथी कड बंद करायच्या आधी राहीनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि तांदळाचे पाच-सात दाणे गोधडीच्या पोटात सारले. मडमनी विचारलं, हे काय. राही म्हणाली, “तिचंबी पोट भराय पायजे. उपाशी असली तर दुसऱ्याला ऊब कुठनं दील?” हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. मडमनी वहीत उतरून घेतलं. राही कड शिवताना गात होती.

माझ्या पोटाची चिमणी, दुज्या अंगणी नाचली
दाणा माझिया ओच्यात, चोच तिची गं सुकली

याचा अर्थ काय, मडमनी विचारलं. चिमणीचं गाणं आहे, मी म्हणाले.

सगळ्यात शेवटी अक्षरं. वर इंग्रजीत, खाली मराठीत. मराठी मी कोळशानं काढून दिली, ‘मोकळ्या हातांनी शिवलेली’. राहीला अक्षर येत नव्हतं. ती रेघेवरून लाल दोरा चालवत गेली.

“काय लिवलंय?”

“मोकळ्या हातांनी शिवलेली.”

“खरंच की,” ती म्हणाली. “मोकळ्या येळंतच शिवली सारी.”

मडमना तो शब्द फार आवडला. मोकळी, मोकळे, मोकळ्या, असा त्या दिवसभर तोंडात घोळवत होत्या. ‘ळ’ काही केल्या जमत नव्हता. तरी त्यांनी तो सोडला नाही. त्यांना मनापासून आलेला तो एकच मराठी शब्द.

गोधडी मेणकापडात बांधून बैलगाडीत चढली आणि घाटाकडे गेली. लग्न अजून आठ दिवसांवर होतं.

आठ दिवस होते. कात्री खुंटीलाच होती, पण आता तिच्या हाती लागेल असं काही उरलं नव्हतं. चिठ्ठी लिहिता आली असती. कलेक्टरचा मुक्काम दहा कोसांवर होता. रोज सकाळी मी ठरवायची आणि दिवसभर मुलींचे कित्ते तपासायची. कारण आता सांगायचं, तर आधी जे सांगितलं नव्हतं ते सांगावं लागणार होतं. आणि त्याच्याही आधीचं. विठू साळ्याला मी ‘गुलाम’ असं सरळ विचारलं होतं. पहिल्या दिवशी पायरीवर राहीला विचारताना तोच शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला, जराशी थांबले, आणि ‘मोकळी’ म्हणाले. तो टाका हुकलेला नव्हता. तो मी घातलेला होता.

लग्नघरात काम फार, म्हणून त्या दिवसांत राही आली नाही. चिठ्ठीवर तिचा भरवसा होता, म्हणूनही असेल.

वऱ्हाड परत निघालं त्या दिवशी मी शाळेची दारं लोटून घेतली. वाजंत्री नदीच्या वाटेनं जवळ आली. खिडकीच्या फटीतून गाड्या दिसल्या. सगळ्यात मागच्या गाडीत तांब्यापितळेच्या भांड्यांना टेकून एक पोर बसली होती, नव्या हिरव्या परकरात. नवा परकर मिळाला म्हणून ती खुशीत दिसत होती. गाडी हिंदकळली की ती हातानं घड्या सारख्या करायची. मुली माझ्या मागे पाढे म्हणत होत्या. वाजंत्री दूर गेली तरी मी त्यांना थांबा म्हटलं नाही.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. नाताळ होऊन गेल्यावर बोस्टनहून पत्र आलं. गोधडीपुढे बायकांची गर्दी हटत नव्हती म्हणे. काही जणी ती अक्षरं बोटानं चाचपून रडल्या. त्यांनी शब्द पाळला. गोधडी निघाली तेव्हाच मडमनी बापाला शब्द दिला होता, म्हणून पैठणच्या बिजवरानं दुसरी बघितली; आता मला खोलीही मिळाली. त्या खोलीत मी आजही राहते. किती मुली माझ्या हाताखालून शिकून गेल्या, त्यांची नावंही आता आठवत नाहीत. भेटल्या की पाया पडतात. मी थकलेय, एवढंच त्यांना सांगते.

पण ते सगळं नंतरचं. त्याआधी, वऱ्हाड गेल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारी राही आली.

त्याच पायरीवर उभी राहिली. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं. मडम व्हरांड्यात बोस्टनला पत्र लिहीत बसल्या होत्या. मी उठले. ती काय बोलेल ते मी मनात इतक्यांदा ऐकलं होतं, की प्रत्येकाला उत्तर तयार होतं. त्यातलं ती काहीच बोलली नाही. माझ्याकडे तिनं नीट पाहिलं, जसं ती ते बटव्यावरचं चित्र पाहत होती, आणि म्हणाली,

“येसूबाय, काम असलं तर सांगा म्हणावं मडमला. मी आता मोकळी हाय.”

मडमची लेखणी थांबली. तो शब्द त्यांना येत होता. त्या खुर्चीतून उठल्या, स्वतः पायऱ्या उतरल्या, आणि राहीचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“येसू, मोकळी म्हणाली ना ती? आज मी विचारलंसुद्धा नव्हतं. आपणहून म्हणाली.”

“हो,” मी म्हणाले. “म्हणते, मी आता फ्री आहे.”

“मोकली,” मडम राहीला म्हणाल्या. “मोकली.”

राहीनं मान हलवली.

मडम वर गेल्या आणि घाईनं पत्रात काही लिहू लागल्या. कागदावर टाक चालल्याचा आवाज मला ऐकू येत होता. राही कोपऱ्यात आपल्या जागी बसली, गाठोडं सोडलं, चिंध्या मांडीवर पसरल्या. नवं कापड, नवी गोधडी, कुणासाठी हे तिनं विचारलं नाही. पदराच्या टोकाची सुई काढली आणि न बोलता माझ्यापुढे धरली.

मी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. पहिल्याच खेपेला दोरा आत गेला.